रविवारी तलावावर निघण्याआधी

आपल्या रिमोटवरच्या बोटीच्या धावेसाठी डिसेंबरचा पहिला रविवार ठरला आहे, म्हणून ही यादी. बोट तुम्हाला पाठ आहे: लांबी एक मीटर, वजन तीन किलो, पुढे दोन पाय आणि मागे अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरणारा प्रोपेलर. शंभर मीटरच्या पट्ट्यात जाताना एक धाव, येताना एक धाव, आणि दोन्हींची सरासरी ताशी ९० किलोमीटर भरली पाहिजे. मागच्या हिवाळ्यात जाताना ८४ मिळाले आणि येताना बोट नाक वर करून उलटली. ‘सोडा’ असं मीच म्हणालो होतो. पाणी अजून हलत होतं, मला दिसत होतं, तरी म्हणालो. ही यादी मुख्यतः त्या एका शब्दासाठी आहे. सामानाची आठवण तुम्हाला माझ्याहून चांगली असते.

तयारी पाण्यापासून करा, बोटीपासून नको. शनिवारी संध्याकाळी दोघांनी खानापूरच्या तलावावर जाऊन धावेचा पूर्ण पट्टा काठावरून दुर्बिणीने बघायचा आणि मग तिथल्या मच्छीमाराच्या होडीतून एक फेरी मारायची. १३ जून १९३० ला इंग्लंडमधल्या विंडरमियर तळ्यावर हेन्री सेग्रेव्हने पाण्यावरच्या वेगाचा ताशी ९८.७६ मैलांचा, म्हणजे जवळपास १५९ किलोमीटरचा विक्रम केला आणि त्याच दिवशी पुढच्या धावेत बोट उलटून तो गेला. बरोबरचा इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेल, तोही गेला. तरंगत्या ओंडक्याला बोट धडकली असावी, असं तेव्हापासून मानलं जातं. आपल्याकडे पावसाळा संपला की तलाव काठोकाठ भरलेला, देखणा दिसतो. पण घाटाकडून आलेलं पाणी येताना फांद्या, बांबू, झावळ्या घेऊन येतं, आणि त्या वर दिसतात तेवढ्याच नसतात. भिजलेलं लाकूड पाण्याच्या जेमतेम खाली तरंगत राहतं. म्हणून होडीतून जाताना हातातली काठी पाण्यात धरून चला. जलपर्णीचा एखादा पुंजका सुटून आला असेल तर तो ओढून काठाला लावा. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल कुठून कुठे गेल्या आहेत ते वहीत काढून आणा.

हिडकल धरणावर का नाही, हे पुन्हा विचारू नका. एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर थोडा वारा सुटला तरी लाट तयार व्हायला वाव मिळतो. आपल्या बोटीला चार बोटं उंचीची लाटसुद्धा भिंतीसारखी. राकसकोपचं पाणी बेळगाव शहराच्या पिण्याचं आहे, तिथे बॅटरी आणि ग्रीस घेऊन जायचंच नाही. खानापूरच्या तलावाचा एक गुण आहे: पलीकडचा काठ गवताळ आणि उतरता आहे. लाट तिथे जाऊन मरते. दगडी पिचिंग असलेल्या बांधावर लाट आपटते आणि परत येते, आणि परत आलेली लाट ही सगळ्यात वाईट, कारण ती आपल्याच धावेची असते. पट्टा बांधाला जवळ नको, गवताच्या बाजूने आखायचा.

परवानगीचं पत्र कन्नडमध्ये लिहून घ्या, म्हणजे पीडीओ साहेब, पंचायतीचे विकास अधिकारी, जागेवर वाचतील. मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी भेटा, जाळी कुठे टाकली आहेत ते विचारा. सकाळी म्हशी पाण्यात उतरतात ती वेळही विचारून घ्या.

आता बोट. कोणीतरी मला विचारलं होतं की हीच मोठी करून आत बसता येईल का. नाही. आपल्या बोटीत माणूस बसत नाही, आणि या सगळ्या उद्योगातली ही माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पाण्यावरच्या वेगाच्या विक्रमापायी सेग्रेव्हनंतर १९५२ मध्ये जॉन कॉब गेला, १९६७ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल, १९८० मध्ये टाहो तळ्यावर ली टेलर, १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सन तळ्यावर क्रेग आरफन्स. हे अडाणी लोक नव्हते. कॉबच्या नावावर जमिनीवरच्या वेगाचा विक्रम होता. कॅम्पबेलने तर १९६४ या एकाच वर्षात जमिनीवरचा आणि पाण्यावरचा असे दोन्ही विक्रम केले, जे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

बोट उलटते कशी, हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. ज्याला येत नाही त्याच्या हातात रिमोट देणार नाही. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यात बुडून वेग मिळत नाही, म्हणून तीन ठिकाणी टेकणारी बोट करायची: दोन पाय पुढे, एक टेकू मागे, बाकी सगळा तळ हवेत. पाण्याची ओढ सुटली, पण आता तळाखालून हवा शिरते आणि उचलू लागते. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते, आणि बोटीचं वजन मात्र आहे तेवढंच राहतं. आपलाच हिशेब घ्या. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरला ३८ किलो वजनाइतका भरतो. आपल्या बोटीचा तळ पाव चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ किलो. नाक जरा वर गेलं आणि यातला एक तृतीयांश दाब उचलीत गेला, की तीन किलोची बोट पाण्यावर राहत नाही. नाक जितकं वर, तितकी उचल जास्त, उचल जितकी जास्त, तितकं नाक आणखी वर. इथून पुढे रिमोटवरचं बोट काही करू शकत नाही. मागच्या वर्षीचा व्हिडिओ संथ करून बघा: नाक उठल्यापासून बोट पाठीवर पडेपर्यंत पापणी लवते तेवढाच वेळ गेला.

म्हणून शनिवारी रात्री, बॅटरी आत ठेवून, तोल बघायचा. टेबलावर दोन लाकडी पट्ट्या ठेवून नाही, दोरीला टांगूनच. खुणेच्या मागे दोन मिलिमीटर जरी गुरुत्वमध्य गेला तरी शिशाचा तुकडा पुढे सरकवा. बॅटरीला डबल वेल्क्रो आणि वरून पट्टा, कारण उडीमध्ये बॅटरी मागे सरकली की तुमचा सगळा तोल मागे गेला. पुढच्या दोन पायांच्या कडा नखाने तपासा. कड गोल झाली असेल तर पाणी तिथून सुटत नाही, चिकटतं. मी शुक्रवारी पुन्हा फाइल मारून देईन. प्रोपेलरच्या पात्याच्या बुडाशी भिंगाने बघा, केसासारखी रेघ दिसली तर तो प्रोपेलर नाही. शाफ्टला ग्रीस. मोटारीला थंड करणारी पाण्याची नळी तोंडाने फुंकून बघा, आत शेवाळाचा कण असतोच.

रडरचे, म्हणजे सुकाणूचे, दोन स्क्रू वायरने बांधायचे, आणि ते काम शेजारच्या काकांकडूनच तपासून घ्यायचं. काकांनी वायुदलात विमानांच्या इंजिनांवर काम केलं आहे, सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवलं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी दाखवलं ते आठवा: वायर स्क्रूच्या डोक्यातून घातली, पक्कडने पीळ दिला आणि पुढच्या स्क्रूला अशी नेली की एक सैल व्हायला निघाला तर दुसरा आवळला जाईल. पीळ मोजून दिला, टोक आत वळवलं, वर अंगठा फिरवून बघितला की टोचतंय का. एवढं झाल्यावर म्हणाले, “नॅटवर असंच बांधत होतो.”

नॅट हे छोटं लढाऊ विमान. १९६५ च्या युद्धात त्याला सेबर स्लेयर, म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा कर्दनकाळ, असं नाव पडलं. त्याचं ऑर्फियस इंजिन बेंगळुरूला एचएएलमध्ये परवान्याखाली बनत होतं. मारुत विमानालाही ऑर्फियसच होतं. आणि कॅम्पबेलने १९६६ मध्ये आपल्या ब्लूबर्ड बोटीला जुनं इंजिन काढून जे बसवलं तेही ऑर्फियस, मागचं शेपूट तर नॅट विमानाचंच. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग बोटीकडे बोट दाखवून म्हणाले, विमानाला हवेत राहायचं असतं म्हणून पंख देतात, हिला खाली राहायचं आहे आणि हिला धरून ठेवणारं काहीच नाही. मला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

ज्यांना आपली बोट साधी वाटते त्यांच्यासाठी केन वॉर्बीचं उदाहरण. सिडनीतल्या घराच्या मागच्या अंगणात त्याने लाकूड, मरीन प्लाय आणि फायबरग्लासची बोट केली, लष्करी जुन्या मालातून घेतलेलं जेट इंजिन बसवलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. म्हणजे एक किलोमीटर सात सेकंदांत. तो अजून मोडलेला नाही. पाणी कुठलं, तर ब्लोअरिंग धरणाचं, आपल्या हिडकलसारखा अडवलेला साठा. पण त्याआधी काही वर्षं तो त्याच बोटीचा वेग थोडा थोडा वाढवत होता, हे विसरू नका. एका रविवारी सगळं मिळवायचं नसतं. पहिल्या दोन धावा ६० ला, मग ७५ ला, आणि प्रत्येक वेळी बोट बाहेर काढून तळ पुसून बघायचा.

रिमोट आणि बोट जोडून फेलसेफ तपासा: मोटार फिरत असताना रिमोट बंद केला की मोटार जागच्या जागी थांबली पाहिजे. हे प्रोपेलर काढून करायचं. बॅटरी वाळूच्या बादलीजवळच चार्ज करा. फुगलेली, आपटलेली बॅटरी आणायचीच नाही. पाण्यावर पडली तर बोट बुडू नये म्हणून पुढच्या कप्प्यात थर्माकोल ठासलेलं आहे का ते उघडून बघा, मागच्या वेळी अर्धं काढून कोणीतरी चार्जरच्या खोक्यात घातलं होतं.

माणसांचं सांगतो. पोहता येत असो वा नसो, पाण्याजवळ लाइफ जॅकेट. सराव करायला वाटेत शेततळं दिसलं म्हणून उतरायचं नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर ओला पाय ठरत नाही आणि चांगला पोहणारासुद्धा कडेला येऊन वर चढू शकत नाही. लांब दोरी आणि टायरची ट्यूब काठावर, दोरीचं दुसरं टोक झाडाला. कोणी बुडताना सापडलाच तर बाहेर काढून उलटं धरून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तलावापाशी रेंज कुठे येते ते शनिवारीच बघून ठेवा.

ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आहेत, म्हणून निघायचं पहाटे साडेपाचला. धुकं उठल्यापासून वारा सुटेपर्यंत, साधारण साडेसात ते नऊ, एवढाच वेळ आपला. शेकोटीचा धूर सरळ वर जातोय तोवर धाव. तो आडवा झाला की सामान आवरा, ८९ वर थांबलो असलो तरी.

आणि आता तो शब्द, ‘सोडा’. विक्रमाचा नियम असा की मोजलेल्या किलोमीटरवर दोन धावा, उलट दिशांनी, एका तासाच्या आत. एक तास पुरेसा असतो, पण आत बसलेल्याला तो पुरेसा वाटत नाही. कॉब २९ सप्टेंबर १९५२ ला लॉख नेसवर धावला तेव्हा मदतीच्या बोटीने उठवलेल्या लाटा पाण्यावर होत्या असं सांगतात. ताशी २०० मैलांच्या पुढे असताना त्याची बोट फुटली. म्हणून दोन धावांच्या मधे कोणीही पाण्यात उतरणार नाही, होडी काठाला बांधलेली, ट्यूब झाडाखाली.

कॅम्पबेलची ४ जानेवारी १९६७ ची सकाळ. कॉनिस्टन तळं आरशासारखं. जाताना त्याला ताशी २९७ मैल, म्हणजे जवळपास ४७९ किलोमीटर मिळाले. ३०० च्या इतक्या जवळ. त्याने इंधन भरलं नाही, आपल्याच धावेच्या लाटा विरायची वाट पाहिली नाही, वळून लगेच परत निघाला. येताना वेग आणखी होता. बोट टेकत, उठत आली, मग पूर्ण उठली, हवेत उलटली आणि नाकावर पाण्यात शिरली. पाण्यावर तरंगताना सापडला त्याचा छोटा टेडी बेअर. बोट आणि तो स्वतः तळाशी ३४ वर्षं राहिले. २००१ मध्ये दोन्ही वर काढले तेव्हा बोटीचा निळा रंग अजून दिसत होता.

आपली पहिली धाव झाली की मी रिमोट गाडीच्या बॉनेटवर ठेवणार आणि बॅटरी काढणार. तुमच्यातलं कोणीतरी म्हणणारच, “सर, कशाला थांबूलाय, वारा सुटेल की.” मलाही तसंच वाटेल. निर्णय माझा नाही आणि तुमचाही नाही. तो दुर्बीण घेऊन बसलेल्या धाकट्या पोरीचा. तिने पलीकडच्या काठावरचा लाइटचा खांब बघायचा, खांब नाही, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. धावेनंतर त्याचे तुकडे होतात, मग तो सापासारखा वळवळतो, मग नुसता थरथरतो. थरथरणं म्हणजे अजून नाही. तो वरच्या खांबाइतका सरळ उभा राहिला की तिने घड्याळात पूर्ण दोन मिनिटं मोजायची आणि मग मला हाक मारायची.