डिल्बर्टचे विषयवार संग्रह घेताय? मग या चुका टाळा

ऑफिसवरच्या कॉमिक स्ट्रिप्सची पुस्तकं म्हटलं की आमच्या हिंजवडीकडच्या मंडळींची गाडी डिल्बर्ट या अमेरिकन स्ट्रिपवरच येऊन थांबते, म्हणून त्याच्यापुरतंच बोलतो. अप्रेझलचा मोसम आला की ठरलेले प्रश्न सुरू होतात. "त्या कामचुकार वॉलीचं पुस्तक घेऊ का?" "फक्त बॉसवरचं काही आहे का?" "सगळ्या भारी स्ट्रिप्स एकाच पुस्तकात मिळतील असं काहीतरी सांग ना." मी तोंड उघडेपर्यंत समोरच्याने ऑर्डर टाकलेली असते, आणि पुस्तक आलं की चेहरा पाडून पुन्हा माझ्याकडेच.

ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. विषयवार संग्रहांपैकी दोन जरूर घ्या, एखाददुसरा स्वस्तात मिळाला तर घ्या, बाकीचे म्हणजे जुन्याच मालाला नवा कागद. आता चुका.

नाव वेगळं म्हणजे माल वेगळा असं धरून चालणं

सगळ्यांत महागात पडते ती ही. स्कॉट अ‍ॅडम्सची ही स्ट्रिप १६ एप्रिल १९८९ ला सुरू झाली. रोज एक, आणि रविवारी मोठी, रंगीत. पुरेशा साठल्या की त्यांचं पुस्तक निघायचं, तारखेच्या क्रमाने. ही झाली क्रमवार पुस्तकं. मग त्याच साठ्यातून वेचून काढलेली दुसरी जात: १९९९ चं 'डिल्बर्ट गिव्ह्ज यू द बिझनेस' विषयांनुसार लावलेलं, २००२ चं 'व्हॉट डू यू कॉल अ सोशिओपाथ इन अ क्युबिकल?' सहकाऱ्यांवर, २००६ चं 'व्हॉट वुड वॉली डू?' नावाप्रमाणे वॉलीवर. गंमत अशी की दोन्ही जातींची नावं सारखीच लांबलचक आणि सारखीच तिरकस. नुसत्या नावावरून कुठलं कुठल्या जातीचं ते कळत नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, कॅम्पसमधून नुकताच आलेला. कामात हुशार, पण धीर या गोष्टीशी त्याचं वाकडं. पहिला बोनस खात्यात पडला त्याच रात्री त्याने डिल्बर्टची दिसतील ती सगळी नावं कार्टमध्ये टाकून पैसे भरून टाकले. खोकी ऑफिसच्या पत्त्यावर आली. दुपारी कँटीनमध्ये आमच्यासमोरच त्याने प्लास्टिक फाडलं, वॉलीचं पुस्तक चाळलं, हसला. मग क्रमवारपैकी एक उघडलं आणि थांबला. वॉली कॉफीचा मग घेऊन उभा, त्याच तीन चौकटी, तेच बॉसचं वाक्य. चौकटींमधल्या फटीत मुंगीच्या अक्षरात उभी छापलेली तारीखसुद्धा तीच. "छपाईत गोंधळ झालाय वाटतं," म्हणाला. मग तिसरं उघडलं, त्यातही दोन-चार ओळखीच्या निघाल्या. जेवणाचा डबा बाजूला राहिला आणि गडी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून जोड्या लावत बसला. परत करायला गेला तर विक्रेत्याचं म्हणणं, वेष्टण फाडलंय, छपाईत दोष नाही, घेणार नाही. शेवटी बरीचशी पुस्तकं टीममध्येच निम्म्या किमतीला गेली.

यावर माझा उपाय अगदी जुनाट आहे. घरी आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलने पहिल्या आणि शेवटच्या स्ट्रिपची तारीख लिहून ठेवतो, आणि तीच यादी फोनमध्ये. दुकानात पुस्तक हातात आलं की मधली चार पानं उघडायची आणि फटींमधल्या तारखा बघायच्या. सलग असतील तर क्रमवार, १९९३ वरून एकदम २००१ वर उडी असेल तर निवडक. मुखपृष्ठावर 'ट्रेझरी' (म्हणजे जुन्यातून वेचलेला संग्रह) हा शब्द दिसला तर आपल्याकडे काय आहे ते आधी तपासायचं. तो शब्द नाही म्हणून सगळं नवंच आहे, असंही समजायचं नाही. ऑनलाइन घेताना आतली पानं दाखवत नसतील तर मी घेतच नाही. आणि कृपा करून "यासाठी एखादं अ‍ॅप आहे का?" असं विचारू नका. पेन्सिल आहे.

काळाकडे काणाडोळा

विषयवार लावताना तारखेचा क्रम मोडतो, आणि डिल्बर्टमध्ये क्रम मोडला की बरंच काही हातचं जातं. सुरुवातीच्या स्ट्रिप्स बऱ्याचशा घरातल्या आहेत, डिल्बर्ट आणि त्याचा कुत्रा डॉगबर्ट यांच्या. अ‍ॅडम्स तेव्हा पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरी करत होता. १९९३ मध्ये त्याने स्ट्रिपमध्येच आपला ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली. वाचकांनी कळवलं की ऑफिसातलं जास्त आवडतं, आणि मग स्ट्रिप ऑफिसात मुक्कामाला आली. हा प्रवास क्रमवार पुस्तकांत डोळ्यांसमोर घडतो. विषयवार पुस्तकात मात्र एका पानावर बॉसच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंचे केस बेताचे, पुढच्या पानावर शिंगांसारखे टोकदार, आणि का ते कुणी सांगत नाही. नवा वाचक समजतो की बॉस दोन आहेत.

विनोदही काळाला बांधलेले आहेत. नव्वदच्या दशकातली नोकरकपात, री-इंजिनीअरिंगचं (कामाची पद्धत मुळापासून बदलण्याचं) खूळ, आयएसओ ९००० हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र, मग वायटूके (२००० सालच्या तारखांचा संगणकी घोळ), मग चिखलात बुडालेल्या एल्बोनिया नावाच्या काल्पनिक देशाला काम आउटसोर्स करणं. यातलं वायटूके आणि आउटसोर्सिंग आपल्याकडे काय घेऊन आलं हे पुण्यात वेगळं सांगायला नको; त्यावरच अनेकांचे फ्लॅट उभे आहेत. अमेरिकेतल्या क्युबिकलमध्ये बसलेला माणूस एल्बोनियाच्या स्ट्रिपला हसतो तेव्हा आपण फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि ते हसू जरा अवघडून येतं. मला तरी तेच जास्त आवडतं. तसाच अशोक हा इंटर्न. १९९६ मध्ये आला, पुढे आयआयटीयन असल्याचं कळलं. सगळ्यांत हुशार तोच आणि राबवला जाणाराही तोच. त्याचा भाबडेपणा वर्षागणिक कसा झिजत जातो ते क्रमाने वाचलं तरच दिसतं. 'सहकारी' या एका सदरात कोंबला की तो नुसता एक मुलगा उरतो.

म्हणून नव्या माणसाला मी सांगतो, आधी नव्वदच्या दशकातलं कुठलंही एक क्रमवार पुस्तक वाच, मग विषयवारकडे वळ. ऐकत कुणी नाही. सगळ्यांना थेट 'बेस्ट ऑफ' हवं असतं.

एका बैठकीत फडशा

ही रोज एक वाचायची चीज आहे. वॉली काम टाळतो हा विनोद महिन्यातून चारदा आला तर भारी, लागोपाठ साठ पानं आला तर पानागणिक वॉलीचा राग यायला लागतो. चिवड्यातले नुसते काजू वेचून वाटीभर खाल्ले तर जे होतं तेच. माझ्याकडची विषयवार पुस्तकं चहाच्या टेबलावर असतात, दोन पानं झाली की बंद.

टिपा नसलेला संग्रह घेणं

वर म्हटलेली जरूर घ्यावीत अशी दोन पुस्तकं म्हणजे १९९७ चं 'सेव्हन इयर्स ऑफ हायली डिफेक्टिव्ह पीपल' आणि २००४ चं 'इट्स नॉट फनी इफ आय हॅव टू एक्स्प्लेन इट'. पहिलं पात्रांनुसार लावलेलं आहे. दोन्हींत स्ट्रिप्सना खुद्द अ‍ॅडम्सच्या टिपा आहेत: कुठली कुठून सुचली, कुणाला झोंबली. निवडक संग्रहात तुम्ही जुनीच स्ट्रिप पुन्हा विकत घेता, तर निदान तिच्यासोबत काहीतरी नवं मिळायला हवं ना? वॉली ज्या सहकाऱ्यावरून सुचला त्याला नोकरी सोडण्याचे भरपूर पैसे हवे होते. कंपनी ते कामात सगळ्यांत मागे असणाऱ्यांना देणार होती, म्हणून हा माणूस मन लावून वाईट काम करायचा. हे एकदा कळलं की वॉलीचा कॉफीचा मग निराळाच दिसतो. एचआरच्या दुष्ट मांजराला कॅटबर्ट हे नाव आधी वाचकांनीच परस्पर देऊन टाकलं होतं, हेही तसंच. टिपा नसलेला विषयवार संग्रह म्हणजे संपादकाच्या कात्रीला दिलेले पैसे.

भेट देताना अतिहुशारी

एका कंपनीत (नाव कशाला) मॅनेजरचा निरोपसमारंभ होता. वर्गणी काढली, आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की साहेबांना बॉसवरच्या डिल्बर्ट स्ट्रिप्सचं पुस्तक देऊ, विनोदी माणूस आहे. कल्पनेपुरतं ठीक होतं. पण पुस्तक समारंभाच्या आठवडाभर आधी आलं आणि टीममध्ये फिरायला लागलं. लोकांनी वाचलं, हसले, आणि कुणीतरी पेन्सिलने समासात खुणा करायला सुरुवात केली. एका स्ट्रिपशेजारी "मार्चचं रिलीज!!", दुसरीजवळ नुसतीच साहेबांची आद्याक्षरं, एकीवर बाण काढून "हुबेहूब". ज्याने शेवटी रॅपिंग पेपर लावला त्याने आत उघडून बघितलं नाही, कारण केक आणायला उशीर होत होता.

साहेबांनी सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन स्ट्रिप्स झकास गेल्या. तिसऱ्या पानावर आवाज थांबला. पान उलटलं, पुन्हा थांबले. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे अक्षर कुणाचं आहे?" त्या खोलीत केक कापेपर्यंत एसीशिवाय दुसरा आवाज नव्हता. समासात लिहिणाऱ्यांपैकी एकाचं अप्रेझल त्यांच्याच हातून व्हायचं बाकी होतं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

तेव्हा पुस्तक भेट द्यायचंच असेल तर बरोबरीच्या माणसाला द्या. वरच्याला नको, हाताखालच्याला तर मुळीच नको. बॉसने ज्युनिअरला वॉलीचं पुस्तक दिलं तर तो बिचारा महिनाभर अर्थ लावत बसेल. निवृत्त होणाऱ्याला वॉलीचं चालतं, त्याला आता कुणाची भीती? आणि कागद लावण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा. मी बघतो. खोडरबर घेऊन.

२०२३ आधीचा सल्ला आजही लागू आहे असं समजणं

पूर्वी मी विषयवार संग्रहांना सरळ नको म्हणायचो, कारण डिल्बर्टच्या अधिकृत साइटवर सगळ्या जुन्या स्ट्रिप्स फुकट होत्या आणि शब्द टाकून शोधताही यायच्या. 'मीटिंग' टाकलं की मीटिंगांवरच्या सगळ्या समोर. तसं असताना कागदावरचा विषयवार संग्रह कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅडम्सने कृष्णवर्णीय अमेरिकनांबद्दल वर्णद्वेषी वक्तव्य केलं, अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांनी स्ट्रिप बंद केली, अँड्र्यूज मॅकमील या वितरक-प्रकाशकाने संबंध तोडले. पुढे स्ट्रिप वर्गणीदारांपुरत्या जागी गेली आणि ते फुकटचं भांडारही बंद झालं. त्यामुळे हाताशी शोधायला सोपं असं काही हवं असेल तर विषयवार पुस्तकाला आज पूर्वीपेक्षा जास्त अर्थ आहे, एवढं मान्य. त्या वक्तव्यानंतर ज्याला हे पुस्तक घरात नको वाटतं त्याच्याशी मी वाद घालत नाही. ज्याला वाचायचंय पण नव्या प्रतीवर पैसे घालवायचे नाहीत त्याने जुनी प्रत शोधावी. पुण्यामुंबईतल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत आणि किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांत ही सापडतात.

'दुर्मीळ' असं लिहून चौपट भाव लावणाऱ्याला मात्र नमस्कार करून पुढे व्हा. ही लाखांनी खपलेली पुस्तकं आहेत, दुर्मीळ कसली?

बाकी किरकोळ

तळहाताएवढी गिफ्ट-बुकं घेऊ नका. एका पानाला एक स्ट्रिप आणि उरलेली हवा.

फुटपाथवरच्या पायरेटेड प्रतीत अक्षरं भरून येतात आणि रविवारच्या रंगीत स्ट्रिप्सचा काळा चिखल होतो. एल्बोनियालाच शोभतं ते.

स्ट्रिपचा फोटो काढून क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये चिकटवू नका. स्वामित्वहक्काचा मुद्दा आहेच, शिवाय क्लायंटला वाटतं की त्यातला बॉस म्हणजे तोच.

ई-बुक फोनवर वाचणार असाल तर राहू द्या. तीन चौकटी आडव्या मावत नाहीत, आणि तिसरी चौकट बोटाने सरकवत आणेपर्यंत विनोद मेलेला असतो.

'डिल्बर्ट २.०' हा २००८ चा वीस वर्षांचा जाडजूड ग्रंथ जुना घेत असाल तर सोबतची डिस्क आहे का ते विक्रेत्याला आधी विचारा, कारण तोवरच्या सगळ्या स्ट्रिप्स त्या डिस्कवर आहेत आणि जुन्या प्रतींतून नेमकी तीच गायब असते. आणि ती असली तरी पैसे देण्याआधी एकदा आपल्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागा आहे का, ते बघा.