आधी वरचा बोल्ट, मग खालचा

पावसाळ्यात गोव्यात कुळे-सत्तरीकडे ओहोळातून फोर बाय फोर गाडी घातली असेल, तर दोन्ही डिफरन्शियलचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेट्यांचं, ऑइल तपासाच. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या वाटेतून) पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजा, पाणी गेलंय.

गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी लावा. आणि कृपा करून आधी भरायचा वरचा बोल्ट सैल करा! आमच्या खाऱ्या हवेत तो हमखास गंजतो. खालून सगळं ऑइल काढल्यावर अडकला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

वरचा सुटला की खालचा बोल्ट काढून ऑइल रिकामं करा. त्या बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, बोटाला टोचणारे तुकडे नाहीत. खालचा बोल्ट परत लावून मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.