पोटाचा घेर आणि पाळीची नोंद: वाढत्या वजनाकडे स्त्रियांनी कसे पाहावे

वजनकाटा एकटा पुरेसा नसतो. भारतीय बांध्यात चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि मधुमेहाचा धोका तुलनेने कमी वजनालाच सुरू होतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचे माप, २३ पासून जास्त वजन, तर २५ पासून लठ्ठपणा मानतात. स्त्रियांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. घेर मोजताना सरळ उभे राहावे, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध शिवणाची टेप आडवी धरावी आणि श्वास सहज सोडल्यावर माप वाचावे. परकराची नाडी बहुधा या जागेच्या खाली बसते, तेव्हा ती सैल आहे एवढ्यावर विसंबू नये.

दुसरी नोंद पाळीची. प्रत्येक पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहावा. दोन पाळ्यांतले अंतर वारंवार ३५ दिवसांहून अधिक पडत असेल, हनुवटीवर राठ केस किंवा मानेवर काळपटपणा येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. चरबी वाढली की शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला पुरेसे जुमानत नाही, मग इन्सुलिन अधिक तयार होते आणि अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. परिणामी बीजांड वेळेवर सुटत नाही आणि गर्भधारणा लांबते. पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराचे मर्म बरेचसे इथेच आहे, मात्र तो सडपातळ मुलींनाही होतो, म्हणून केवळ अंगकाठी पाहून निदान करू नये. बीजांड सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही आणि चरबीत बनणाऱ्या इस्ट्रोजेन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाला आवर राहत नाही. गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे पाळी कायमची थांबल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी लांबवू नये.

यात खरा दिलासा असा, की ५ ते १० टक्के वजन उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. ८० किलो वजन असेल, तर हे ४ ते ८ किलो होतात. त्यासाठी उपाशी राहू नये. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांवर काढलेला उपवास वजन उतरवत नाही. रोजच्या ताटातला भात कमी करून उसळ, कोशिंबीर, ताक वाढवावे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे.

मूल हवे असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण जास्त वजनात गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींची शक्यता वाढते. फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधी सुरू करावे आणि त्याची मात्रा वजन सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शने चालू असल्यास ती गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावी लागतात. तपासणीला नवऱ्यानेही सोबत जावे आणि स्वतःची तपासणी करून घ्यावी. लठ्ठपणाने शुक्राणूंवरही परिणाम होतो आणि मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे.