जळगावचा हुकूमनामा परदेशात चालावा म्हणून आतापासूनची तयारी

रावेर-यावलची केळी आखातात जाते, जळगावची डाळ आणि सुकवलेला कांदा त्याहून लांब. पैसे बुडाले तर मात्र जळगाव कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघणारा वसुलीचा आदेश, तितक्या सहज समुद्र ओलांडत नाही. दिवाणी आणि व्यापारी निकालांना परस्परांच्या देशात मान्यता देणारा हेगचा करार 2 जुलै 2019 चा. 1 सप्टेंबर 2023 पासून तो युरोपीय संघ आणि युक्रेनमध्ये लागू झाला, 1 जुलै 2025 पासून ब्रिटनलाही. भारत त्यात अजून नाही. भारताने यावं, असं मला मनापासून वाटतं. पण मंजुरी दिल्यावरही करार लागू व्हायला वर्ष जातं, आणि त्याआधी दाखल झालेल्या दाव्यांना त्याचा लाभ नाही. म्हणून तयारी सौद्याच्या कागदापासूनच करायची.

सौदा फोनवर ठरला तरी सहीचा करार करून घ्या. पैसे कुठल्या गावी, कुठल्या बँकेत द्यायचे ते त्यात लिहा. देणं जिथे फेडायचं ठरलं होतं तिथल्या कोर्टाचा निकाल असणं, हा मान्यतेचा एक आधार आहे. भांडण कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचं कलम घातलंत तर वाट वेगळी, परदेशी लवादाच्या निवाड्यांना मान्यता देणाऱ्या 1958 च्या न्यूयॉर्क कराराची, आणि त्यात भारत 1960 पासून आहे. केळीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: माल जहाजातच पिकून गेला म्हणून वाहतूक कंपनीशी भांडण असेल तर हेगचा करार कामाचा नाही, मालवाहतूक त्यातून वगळली आहे.

सगळ्यात जास्त जपा ते समन्स. परदेशी खरेदीदार बहुतेक वेळा हजरच होत नाही आणि निकाल एकतर्फी लागतो. माझ्या एका पक्षकाराकडे असाच हुकूमनामा होता, पण समन्स कोणी, कधी घेतलं याचा कागद फायलीत नव्हता. 2019 चा हेग करार नेमका तोच मागतो: दाव्याची नोटीस प्रतिवादीला मिळाल्याचा मूळ कागद किंवा प्रमाणित प्रत. आणि ती नोटीस, बाजू मांडायला वेळ उरेल अशा बेताने मिळालेली हवी. समन्स परदेशी बजावण्याच्या 1965 च्या हेग करारात भारत 2007 पासून आहे. त्या देशाने अशी समन्सं घ्यायला नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणामार्फतच पाठवा. महिने लागतात, घाई करू नका.

निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्या. निकालपत्र पूर्ण हवं, अंमलबजावणीयोग्य असल्याचा दाखला सोबत. निकाल मराठीत असेल तर कायद्याची भाषा जाणणाऱ्याकडूनच भाषांतर करून घ्या.

दुबईचं वेगळं आहे. अमिरातीशी आपला 1999 चा स्वतंत्र करार आहे, आणि 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेपासून तिथले पैशांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली आपल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला, म्हणजे वसुलीला, येतात. तेव्हा तिकडून समन्स आलं तर खणात टाकू नका, तिथेच वकील द्या. हुकूमनामा इथे आल्यावर त्याच संहितेच्या कलम 13 मधल्या मोजक्या हरकतींपलीकडे बोलायला जागा उरत नाही.