आवडत्या गायकाकडून काय घ्यावे आणि कसे घ्यावे

ख्याल, म्हणजे रागदारी गायनाचा प्रमुख प्रकार, शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बहुधा एखादा गायक झपाटून टाकतो आणि त्यात वावगे काही नाही. अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका लहानपणी कानावर पडली आणि भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. भीमसेनजी त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीची नक्कल करीत बसले नाहीत; गुरूच्या शोधात घर सोडून हिंडले आणि शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला राहून शिकले. ओढ तबकडीने लावली, गळा मात्र तालमीने घडला.

म्हणून पहिली काळजी स्वराची घ्यावी. आदर्श गायक ज्या पट्टीत गातो, म्हणजे आपला ‘सा’ ज्या उंचीवर धरतो, तीच आपलीही, असे मानू नये. ज्या पट्टीत मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट लागतो आणि तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) आवाज ओढाताणीविना जातो, तीच आपली, आणि ती गुरूंच्या देखरेखीखाली ठरवावी. मी स्वतः एका थोर गायकाच्या नादाने पाऊण वर्ष अर्धी पट्टी वर गात होतो. त्यातून हाती आला तो बसलेला घसा.

ऐकताना संपूर्ण गायकी एकदम उचलण्याचा मोह टाळावा. एक राग, त्यातला एक विलंबित (संथ लयीतला) ख्याल आणि त्यातले एखादेच आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, निवडावे. तंबोरा लावून ते आठ-दहा वेळा ऐकावे, मग ध्वनिमुद्रण बंद करून गाऊन पाहावे, आणि मुख्य म्हणजे त्यातली मनात भरलेली जागा, म्हणजे तो खास स्वरसमूह, तेथेच का आली, हे शोधावे: समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायला किती मात्रा उरल्या होत्या, आधीच्या आलापात कोणता स्वर राखून ठेवला होता, बंदिशीतला कोणता शब्द पुढे आणायचा होता. ही कारणे समजली की तीच जागा आपण दुसऱ्या बंदिशीत आपल्या पद्धतीने घडवू शकतो. कारणाविना उचललेली हरकत (स्वरांची छोटी चपळ सजावट) उसन्या अंगरख्यासारखी अंगावर लोंबत राहते.

कुमार गंधर्वांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. बालपणी ते नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाल्यावर माळव्यातल्या देवासला त्यांनी कित्येक वर्षे गाण्याविना काढली आणि त्यानंतर उभी राहिलेली गायकी लहान, धारदार स्वरवाक्यांची होती. त्यामागे शरीराची मर्यादा होती, तसाच माळव्याच्या लोकगीतांचा आणि रागांचा स्वतंत्र विचारही होता. दोन्ही फुप्फुसे धडधाकट असलेल्या तरुणाने ती स्वरवाक्ये मध्येच तोडून गायली, तर त्यात केवळ लकब उरते. (अशा लकबींना टाळ्या मिळतात, ही खरी अडचण आहे.)

तुलनेचेही पथ्य पाळावे. चाळीस वर्षांच्या रियाजानंतरचे ध्वनिमुद्रण आणि आपला काल संध्याकाळी गायलेला यमन राग शेजारी ठेवून निराश होण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच, तर आपल्याच तीन महिन्यांपूर्वीच्या मुद्रणाशी करावी. वर्षातून काही आठवडे आवडत्या गायकाला बाजूला ठेवून मल्लिकार्जुन मन्सूर, केसरबाई केरकर अशा वेगळ्या वळणाच्या गवयांना ऐकावे. कलावंताच्या स्वभावाचे किंवा व्यसनांचे किस्से हा गायकीचा भाग समजून आचरणात आणू नयेत.

अशी एखादी जागा घेऊन तालमीला बसाल, तेव्हा ती कोणाची आहे हे गुरूंना आधीच सांगावे. तुमच्या गळ्याला ती शोभते की रागाच्या चलनात, म्हणजे त्याच्या स्वरांच्या ठरावीक चालीत, खटकते, हे ते दोन आवर्तनांत सांगतील.