रोजच्या कॅलरीचं लक्ष्य ठरवताना या चुका टाळा: भात, नारळ आणि घाईत धरलेला आकडा

"मियां भात सोडलंय गो, तरी काटो काय हलना नाय."

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतल्या शेजारच्या काकी गेल्या श्रावणात पडवीत बसून हे म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या हातात एका व्यायामशाळेतून मिळालेला कागद होता. वर ठळक अक्षरांत '१००० कॅलरी' आणि खाली नाश्ता, जेवण, संध्याकाळ असे रकाने. वय, उंची, दिवसभराचं काम, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्याच कागदाची झेरॉक्स त्यांच्या २४ वर्षांच्या भाचीलाही दिलेली. काकी तीन आठवडे अर्धपोटी राहिल्या. एकदा विहिरीवर पाणी शेंदताना डोळ्यांपुढे अंधारी आली. चौथ्या आठवड्यात भूक आवरेना, आणि उतरलेलं दीड किलो परत आलं.

काकींचा निश्चय कमी पडला असं मला आजही वाटत नाही. त्यांना दिलेला आकडाच त्यांचा नव्हता. रोजच्या कॅलरीचं लक्ष्य हा मुळात एक अंदाज असतो. तो आपल्या अंगाच्या मापाने काढायचा, आपल्या स्वयंपाकघरात मोजायचा आणि तीन-चार आठवड्यांनी आपल्याच वजनावरून दुरुस्त करायचा. बहुतेक चुका यातली एखादी पायरी गाळल्याने होतात.

दुसऱ्याचा आकडा उचलणं

शरीर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू यांसाठी ऊर्जा खर्च होते. तिचा अंदाज काढायला १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र आजही सर्रास वापरतात. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं. मग बाईसाठी १६१ वजा, पुरुषासाठी ५ अधिक.

काकींच्याच परवानगीने त्यांचं गणित मांडते. वजन ७२ किलो, उंची १५८ सेंमी, वय ४८. म्हणजे ७२० अधिक ९८७.५, वजा २४०, वजा १६१. उत्तर साधारण १३०६. नुसतं झोपून राहण्यासाठी ज्या बाईला तेराशे लागतात, ती हजारावर विहीर, गोठा आणि चूल सांभाळत होती. अंधारी येणारच.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. हा तळ आहे, तेच लक्ष्य समजू नका. उंच किंवा अंगमेहनत करणाऱ्या बाईला १२०० सुद्धा फार कमी पडतात.

कामाचा गुणक चढा लावणं

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

वरच्या आकड्याला दिवसभराच्या हालचालीप्रमाणे गुणायचं असतं. बैठं काम असेल तर १.२, हलकी हालचाल १.३७५, मध्यम १.५५, भरपूर कष्ट १.७२५. काकींचा बैठा खर्च येतो १५६८, हलक्या हालचालीचा १७९६ आणि मध्यम हालचालीचा २०२५. आता समजा, रोज अर्धा तास समुद्रकिनाऱ्यावर फिरते म्हणून कुणी 'मध्यम' धरलं आणि वजन उतरवायचं म्हणून त्यातून ४०० वजा केले. लक्ष्य निघालं १६२५. पण बाकीचा सगळा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसून जात असेल, तर तिचा खरा खर्च १५६८ च्या आसपासच असू शकतो. म्हणजे 'डाएट' चालू आणि वजन जागेवर, किंवा महिन्याला इवलंसं वर.

म्हणून शंका आली की खालचा गुणक धरा. अर्ध्या तासाच्या चालण्याने माणूस 'मध्यम' होत नाही.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. जून-जुलैत लावणीला चिखलात वाकून उभी असणारी बाई आणि तीच बाई जानेवारीत, यांचा खर्च एक नसतो. लावणीच्या पंधरा-वीस दिवसांत ठरवून उपाशी राहू नका. तेवढे दिवस वजन स्थिर राखेल एवढं खा. त्याउलट ज्यांचं चालणं फक्त किनाऱ्यावर होतं, त्यांचं पावसात ते बंद पडतं आणि गुणक मात्र मे महिन्याचाच राहतो. वर्षभर एकच आकडा कोकणात चालत नाही.

मनगटावरच्या घड्याळाचं थोडक्यात सांगते. ते दाखवतं ती 'जळलेली कॅलरी' बऱ्याचदा फुगलेली असते. शिवाय चालणं गुणकात एकदा मोजून झालेलं असतं. घड्याळाने २५० दाखवले म्हणून संध्याकाळी २५० चं जास्तीचं खाल्लं, तर तेच चालणं दोनदा मोजलं गेलं.

किती वजा करायचं?

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज ४०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला कागदावर सुमारे ३६० ग्रॅम. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. '१५ दिवसांत ७ किलो'च्या जाहिराती बघणाऱ्याला ३६० ग्रॅम किरकोळ वाटतात, पण टिकाऊ वेग हाच आहे. सुरुवातीचं ध्येय वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवा. काकींसाठी साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. मुळात कमी करायची गरज आहे का, तेही आधी तपासा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या आत हवा.

वाटी नारळाची की मोजायची?

कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये 'एक वाटी' लिहिणारा माणूस आणि 'एक वाटी नारळ घे गो' म्हणणारी आमची सासूबाई, दोघांची वाटी वेगळी. सासूबाईंची वाटी म्हणजे एक कवड, फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग. एकदा मी ती विळीच्या खवणीवर पूर्ण खवली आणि खोबरं काट्यावर ठेवलं. १४० ग्रॅम भरलं. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरल्या, तरी हे झालं जवळजवळ ५००. बांगड्याच्या सारात ते वाटून घातलं, फोडणीला तीन चमचे तेल गेलं, म्हणजे आणखी सव्वाशे. चार माणसांत वाटलं तर मासा आणि भात धरायच्या आधीच प्रत्येकाच्या ताटात दीडशेच्या वर कॅलरी उतरल्या.

आणि ॲपमधल्या 'फिश करी'त नारळ आहे की नाही, तेच आपल्याला ठाऊक नसतं.

नारळ सोडा असं मी म्हणणार नाही. नारळाशिवायचं जेवण आठ दिवस ढकलता येतं, नवव्या दिवशी माणूस सगळंच सोडून देतो. मोजून घाला. एक टोप सार किंवा आमटी करताना काय काय पडतं ते एकदाच वजन करून वहीत लिहा, बेरीज करा, जेवणाऱ्यांनी भागा. आपल्या घरात रोज फिरून तेच दहा-बारा पदार्थ होतात, त्यामुळे महिनाभरात ही वही पुरी होते आणि कुठल्याही ॲपपेक्षा ती खरी असते.

तेलाचंही तसंच. रवा लावून मासे तळताना तव्यावर किती ओतलं ते कुणी लिहीत नाही. एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, सुमारे ४० कॅलरी असतात. रोज मोजणं जमत नसेल तर महिन्याचा हिशेब करा. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. हा आकडा बघून माझ्याच घरात पिशवी पाच आठवडे पुरायला लागली.

भाताची चूक वेगळी आहे. माझे धाकटे भावजी अगदी निष्ठेने काट्यावर १०० ग्रॅम तांदूळ मोजायचे आणि ॲपमध्ये 'शिजलेला भात, १०० ग्रॅम' निवडायचे. कच्च्या तांदळाला १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅलरी, शिजलेल्या भाताला १३०. फरक २२०. आम्ही दोन्ही वेळ भात खाणारी माणसं, म्हणजे दिवसाला ४४० कॅलरी हिशेबातून गायब. त्यांनी ठरवलेली तूट ४०० ची होती! दोन महिने ते बिचारे स्वतःच्या चयापचयाला दोष देत होते. नियम एकच ठेवा: कच्चं मोजलं तर कच्च्याचीच नोंद करा, शिजलेलं मोजलं तर शिजलेल्याची.

भात सोडण्याची गरजही नसते. ४० ग्रॅम उकड्या तांदळाची पेज केली तर वाडगा भरतो आणि कॅलरी होतात दीडशेच्या आत. काकींनी भात सोडला, मग दुपारी चार वाजता पोटात आग पडायची, आणि चहात बुडवलेले बटर (बेकरीतली कडक बिस्किटं), वर खारी, वर मूठभर फरसाण. ते 'जेवण' नव्हतं म्हणून कागदावर आलंच नाही.

कोकमाच्या बाबतीतही गल्लत होते. आगळ मिठातलं असतं, अमृतकोकम साखरेतलं. 'कोकमच तर आहे' म्हणत दिवसाला तीन ग्लास अमृतकोकम म्हणजे तीन ग्लास पाक. हापूसला मात्र उगाच बदनाम करतात. दीडशे ग्रॅम गर निघणाऱ्या आंब्यात जेमतेम शंभरभर कॅलरी असतात. वजन वाढतं ते आमरसात घातलेल्या साखरेने आणि सोबतच्या पुऱ्यांनी. काजूगर मात्र मोजूनच घ्या. भाजलेले दहा गर खाता खाता ८५-९० होतात.

मासळी कापून भाकरी तशीच ठेवणं

कॅलरी कमी करताना प्रथिनं कमी झाली तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. वजन उतरवताना किलोमागे १ ग्रॅम किंवा थोडं जास्त धरलेलं बरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरच ठरवतील. १०० ग्रॅम बांगड्यातून १८-२० ग्रॅम मिळतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी, कुळथाची पिठी, चवळी, मसूर यांच्यावर भर द्या.

काट्यावरचा एक दिवस

हे माझंच. जुलैत एका रात्री सुकटीची किसमूर आणि खारा बांगडा भाजून पेजेबरोबर खाल्ला, हिशेबात बसवून. सकाळी काटा सव्वा किलो वर. मी घाबरून त्या दिवशी दुपारचं जेवण टाळलं, आणि रात्री दुप्पट जेवले. ती चरबी नव्हतीच. खाऱ्या मासळीतल्या मिठाने अंगात पाणी धरलं होतं, दोन दिवसांत ते निघून गेलं. एका रात्रीत सव्वा किलो चरबी चढायला नेहमीपेक्षा साडेनऊ हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील! पाळीच्या आधीच्या दिवसांतही असंच पाणी साचतं.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका आठवड्याच्या सरासरीची तुलना पुढच्या सरासरीशीच करायची.

वजन अडलंच तर

सरासरी सलग तीन-चार आठवडे हलली नाही, तरच अडलं म्हणायचं. लगेच २०० कॅलरी कापू नका. आधी एक आठवडा सगळं मोजून लिहा, चाखलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं, चहातली साखर, शनिवार-रविवारसकट. पाच दिवस ४०० ची तूट आणि दोन दिवस पाहुण्यांबरोबर हजाराची वाढ, म्हणजे हिशेब शून्य. मे महिन्यात चाकरमानी घरी आले की हे हमखास होतं. त्या आठवड्यांत वजन वाढू न देणं एवढंच लक्ष्य ठेवलं तरी चालतं. गणपतीतही तेच. लिहिलेलं बरोबर निघालं तर नव्या वजनावर सूत्र पुन्हा मांडा. दर चार-पाच किलोंनी ते करावंच लागतं. त्यानंतरही अडलं तर १०० कॅलरी कमी करा किंवा रोज पंधरा-वीस मिनिटं जास्त चाला.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ वर्षांखालची मुलं आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेली माणसं यांनी स्वतःहून कॅलरी कापू नयेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. खाणं न बदलता वजन वाढत किंवा उतरत असेल तर थायरॉइड तपासा.

काकींचा तो कागद आम्ही बाजूला ठेवला. १७९६ मधून ४०० वजा करून १४०० वर सुरुवात केली, दोन्ही वेळ मोजून भात, एक वेळ मासळी किंवा अंडी, चार वाजता बटरऐवजी उकडलेली चवळी. चार आठवड्यांत सरासरी दोन किलोंनी उतरली, पण त्यांना रात्री भूक लागायची, म्हणून आकडा दीडशेने वाढवला. आता त्या १५५० वर आहेत. वेग थोडा मंद आहे, विहिरीवर अंधारी येत नाही, आणि सारात नारळ पडतो, वाटीऐवजी पाव वाटी.