दोन जीपीएस, हवामानाचा रिसीव्हर एकच

अमेरिकेतल्या छोट्या विमानांत सिरियस एक्सएम या उपग्रह रेडिओ कंपनीची हवामान-माहिती दोन जीपीएस पडद्यांवर हवी असेल, तर दुसरा रिसीव्हर घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. वर्गणी पडद्याची नसते, रिसीव्हरच्या रेडिओ आयडीची, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकाची असते. म्हणजे एका वर्गणीत दोन पडदे चालू शकतात. प्रश्न फक्त जोडणीचा.

गार्मिनचा जीएक्सएम ४० सारखा वायरचा 'माउस' अँटेना एका वेळी एकाच पोर्टेबल जीपीएसशी बोलतो. वायर कापून वाय-जोड (एका वायरच्या दोन शाखा) करण्याच्या भानगडीत पडू नका, तो चालत नाही. वाटून घ्यायचंच असेल तर जीडीएल ५२ सारखा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. किती आणि कोणती यंत्रं एकाच वेळी जोडता येतात ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा. जोडणी हँगरमध्ये (विमानाच्या शेडमध्ये) निवांत करा, धावपट्टीच्या तोंडाशी नव्हे. वर्गणी सुरू करताना मात्र विमान उघड्यावर आणा, कारण पत्र्याखाली उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही.

आता खरी मेख. दोन पडदे एकच चित्र दाखवतात म्हणून ते दुप्पट विश्वासार्ह होत नाही. रिसीव्हर बंद पडला की दोन्ही एकदमच आंधळे. शिवाय नेक्सरॅड, म्हणजे हवामान रडारच्या चित्रावर लिहिलेल्या वयापेक्षा प्रत्यक्ष माहिती टोकाच्या स्थितीत १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेनं, एनटीएसबीनं, २०१२ मध्येच दिला होता. त्यामुळे दोन वादळांच्या फटीतून वाट काढायला हे चित्र वापरू नका, लांबून वळसा घ्या. जोडीला ९७८ मेगाहर्ट्झवरचं मोफत एफआयएस-बी (रेडिओवरून प्रसारित होणारी हवामान-माहिती) ठेवा. ते जमिनीवरच्या केंद्रांतून येतं, म्हणून उड्डाणाआधी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.